अंगावर पिते तोवर

येसू,

तारखा आधी सांगा आणि रडगाणे मागून, असे माझे कोणतेही पत्र ऐकताना तू मला बजावायचीस. म्हणून तारखा आधी.

चार वर्षांपूर्वीची मार्गशीर्ष वद्य पंचमी, सोमवार. राईच्या देवळाच्या ओट्यावर आपल्या जातीची पंचायत बसली आणि माझा मुलगा काशिनाथ व तू यांची काडीमोड झाली. जबाबदार: पंचांचे पुढारी दामू पाटील, काशिनाथ, आणि ज्याच्या हातचा तो फारकतीचा कागद आहे तो, म्हणजे मी.

यंदाच्या होळीच्या आधीचा शुक्रवार. मुर्ध्याला तुझ्या आईच्या दारी पंचांनी तपासणी पाठवली. जबाबदार: दामू पाटील, आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून गप्प राहिलेले चौघे पंच.

यंदाच्या श्रावणातला दुसरा मंगळवार. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुला पोरीचे अंगावरचे दूध तोडायला सांगितले आणि तू तोडले नाहीस. या तारखेपुढे जबाबदार कोण, हे मी दोनदा लिहून दोनदा खोडले आहे. पुढे जाऊन लिहीन.

आश्विन शुद्ध चतुर्थी, सकाळी. तू गेलीस.

आज सतरावा दिवस. येत्या रविवारी पंचायत पुन्हा बसते आहे. विषय एकच आहे, तुझी मथी. काशिनाथने तिला मुंबईला न्यायचे ठरवले आहे आणि पंचांना तसे कळवले आहे. फारकतीच्या कागदातले शब्द त्याच्या बाजूने आहेत, आणि ते शब्द माझे आहेत. म्हणून हे पत्र मी तुला लिहितो आहे, आणि त्याच्या दोन नकला करतो आहे. एक आपल्या जातीच्या मासिकाला जाईल. ते छापतील याची खात्री नाही. दुसरी रविवारी मी ओट्यावर स्वतः वाचणार आहे.

मी मिठाच्या खात्यात तीस वर्षे कारकुनी केली. साहेबाला अर्ज लिहिणे, मामलेदाराला स्मरणपत्र पाठवणे, कलेक्टरकडे गाऱ्हाणे नेणे, हे राई, मुर्धा आणि मोर्वा या तिन्ही गावांसाठी मीच करीत आलो. जातीची कागदपत्रेही माझ्याच हातची. तू सून होऊन आलीस तेव्हा माझ्या घरात ती पत्रे ऐकणारे कोणी नव्हते, काशिनाथची आई आधीच गेली होती. तुला अक्षर येत नव्हते, पण पत्र येत होते. चुलीपुढे बसून तू ऐकायचीस आणि मान हलवायचीस.

"मामा, लई लांब जाला," तू म्हणायचीस. आपल्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, पण तुझ्या तोंडी तो शब्द ताकीद दिल्यासारखा येई. "साहेब अर्ध्यातच जेवायला उठंल."

"कायद्याच्या भाषेला लांबी लागते."

"मंग कायद्यालाच वाचायला पाठवा. साहेबाला थोडक्यात सांगा."

मी रागवायचो आणि दुसऱ्या दिवशी निम्मे पत्र कापायचो. तुझ्या त्या कापाकापीमुळे मुर्ध्याच्या विहिरीचा अर्ज मंजूर झाला, हे मी तुला कधी सांगितले नाही. आज सांगतो.

काडीमोडीचे कारण मी येथे लांबवत नाही. काशिनाथ गोदीत कामाला लागला, मुंबईत त्याने दुसरे घर केले, आणि त्या घरातल्या बाईला घेऊन तो राईला आला तेव्हा तू म्हणालीस की एका चुलीवर दोघी राहणार नाही. सोडचिठ्ठी तू मागितलीस. त्याने ती लगेच दिली. लढाईचे दिवस होते, रॉकेल चिठ्ठीवर मिळत होते, पंचांना अंधार पडायच्या आत उरकायचे होते. दोघांनी काडी धरली आणि मोडली. मग दामू पाटील उठू लागले.

मी म्हणालो, "पाटील, लेकराचे काय लिहू?"

"त्याच्यात काय लिहायचा? बापाचा पोर बापाकडं."

तेवढ्यात मथी रडू लागली. दहा महिन्यांची होती. तू ओट्याखाली पाठ फिरवून बसलीस आणि तिला पदराआड घेतलेस, आणि सगळी पंचायत ती चूप व्हायची वाट पाहत राहिली. पाटलांनाही लेकी आहेत. ते म्हणाले, "बरा, अंगावर पिते तवर ऱ्हाऊं दे आयशीकडं. मंग बाप घेऊन जाईल."

हे वाक्य आपल्या जातीत नवे नाही. माझ्या दप्तरात त्याचे जुने कागद आहेत. पण त्या प्रत्येक कागदात त्या शब्दांपुढे मुदत घातलेली आहे, कोठे दीड वर्ष, कोठे दोन. पाटील मुदत सांगायला विसरले. त्यांना आठवण देणे हे लेखकाचे काम होते. मी आठवण दिली नाही. ते बोलले तसेच लिहिले, घाईने वाचून दाखवले, आणि पाची पंचांचे अंगठे घेतले.

मला त्या दिवशी स्वतःचा किती अभिमान वाटला, हे तुला ठाऊक आहे. मिठागराच्या बांधावर मी तुला गाठले. तुझी आई वेणूबाई पुढे चालत होती, तिच्या कडेवर मथी होती.

मी म्हणालो, "येसू, कागदात मुदत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे ती पिते तोवर तुझी. किती वर्षे, ते कोणीही लिहिलेले नाही."

तू थांबलीस. "आनि ती म्हातारी जाली तरी पीत ऱ्हायली तर?"

"तर म्हातारी होईपर्यंत तुझी."

तू हसलीस. त्या दिवशी कोणी हसेल असे मला वाटले नव्हते. मीही हसलो. मी तुला एक पळवाट दिली होती, आणि पळवाट माणसाला कोठे नेऊन सोडते याचा विचार न करता दिली होती. पोर दोन वर्षांची झाली की काशिनाथ विसरेल, मग पंच विसरतील, मग कागद माझ्या दप्तरात जुना होईल, असा माझा हिशेब होता. तुझा हिशेब तसा नव्हता. तू त्या वाक्याला कायदा मानलेस. माझ्यासारख्या माणसाने लिहिलेले वाक्य तू दुसरे काय मानणार होतीस?

येसू, पुढची चार वर्षे तू कशी काढलीस ते मी आठवड्यातून दोनदा पाहत होतो. मी मुर्ध्याला येतो म्हणून गाव बोलत असे. दामू पाटील एकदा बंदरावर मला ऐकू जाईल असे म्हणाले, "सोडचिठ्ठी पोराने दिली, बापाशीने न्हाय." तुला हे सांगितले तेव्हा तू म्हणालीस, "मंग तुमी बी काडी मोडा, मामा, मी चहा टाकते तवर."

पण त्या घरात मी एक गोष्ट पाहिली आणि तिची भीती मला अजून वाटते. मथी तिसऱ्या वर्षात होती. मी न कळवता आलो होतो. दार लोटलेले होते, दिवसाढवळ्या. आत मथी चुलीपाशी बसून भात आणि सुक्या बोंबलाची चटणी खात होती. माझी चाहूल लागताच तिने ताटली वेणूबाईंच्या मागे सरकवली, तोंड पुसले, आणि तुझ्या पदराशी जाऊन उभी राहिली. तिला कोणी काही सांगितले नाही. तिला सांगायची गरज उरली नव्हती.

"मामा हाईत गं," तू तिला म्हणालीस. "जेव."

तिने माझ्याकडे पाहिले आणि ती जेवली नाही.

त्याच वर्षी डोंगरीच्या एका ख्रिस्ती घरी लग्न होते. तुझ्याबरोबर मिठागरात टोपल्या वाहणाऱ्या मारूबायच्या मुलीचे. मारूबायने मथीच्या हातात गोड वडा दिला तर मथी म्हणाली, "मी खात न्हाय. मी पिते." तिला हसू आले. तिने वडा तिच्या तोंडाशी धरला, तशी ती घाबरून रडू लागली. मीही लग्नाला आलो होतो; घरी येताना तू मला म्हणालीस, "त्यांच्यात बरा. लगीन मोडतच न्हाय." मी तुला सांगितले की त्यांच्यासाठीही वेगळा कायदा आहे, कोर्ट आहे, आणि तेथेही लेकराचा वाद होतो. तू म्हणालीस, "तुमाला एवडा कसा म्हाईत असतं, आनि उपेग एवडासा कसा होतं?" मी चिडलो.

गाव मोजू लागले होते. मथी किती उंच झाली, तिला दात किती आले, ती काय खाते, कोणाकडे खाते. हे मोजणारी माणसे वाईट नव्हती. आपल्या जातीचा कागद म्हणजे सगळ्यांचा कागद, असे ती मानत होती. दिवाळीला मथीच्या हातावर कोणी करंजी ठेवली तर देणाऱ्याच्या मनात लोभ होता की परीक्षा होती, हे तुला कळत नसे, आणि म्हणून तू तिला कोणाकडे जाऊ देत नसस. ज्या पोरीसाठी तू हे सगळे केलेस, ती पोर माणसांना भिऊ लागली. हेही माझ्या वाक्याच्या खात्यावर लिही.

होळीच्या आधीच्या शुक्रवारची हकिगत मी पंचांसमोर लिहितो आहे, त्यांनी ती कोणाकडून ऐकली असेल त्याहून नीट.

काशिनाथने पंचांकडे गाऱ्हाणे केले होते की पोर चार वर्षांची झाली, आता कसले दूध. पाटलांनी गंगूबाईला पाठवले. सुईणपण करून म्हातारी झालेली बाई, तिने मथीलाही या जगात आणले होते. पाटील अंगणात खाटेवर बसले. मी बातमी लागताच राईहून धावत आलो होतो, मला दारापाशी थांबवले. आतले मला दिसत नव्हते, ऐकू येत होते.

गंगूबाई म्हणाली, "घे गं येसू, पाज. बघून जाते. मना बी चार कामा हाईत."

मग मथीचा आवाज. "मना नको."

"ये," तू म्हणालीस.

"मना नको. लोका हाईत."

नंतर मथी किंचाळली. तू तिला चिमटा काढला होतास, मांडीला, तिचे तोंड उघडावे म्हणून. हे तू मला नंतर सांगितलेस. तुझ्या चार वर्षांत तू तिला त्या एकाच वेळी दुखवलेस.

गंगूबाई बाहेर आली आणि पदराला हात पुसत पाटलांना म्हणाली, "पिते. नवऱ्याच्या घरी जाईल तवा बी पिऊनच जाईल." अंगणातले लोक हसले. पाटील हसले नाहीत, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. ते खाटेवरून उठले आणि मला म्हणाले, "कारकून, कागद चांगला लिव्हला तुमी." त्यांच्या बोलण्यात राग होता की दाद, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मी तुला ठाण्याच्या कोर्टात चल म्हणू लागलो. आपला तो वाद अर्धाच राहिला आहे, म्हणून तो येथे पूर्ण मांडतो.

सरकारचा पालक आणि पाल्य यांच्याविषयीचा कायदा आहे. त्याच्यापुढे जातीच्या पंचांचे चालत नाही. बाप हाच अज्ञान मुलाचा स्वाभाविक पालक, असे तो धरून चालतो. पण मुलाचे हित कशात आहे हे जज्जाने पाहावे, त्याचे वय, मुलगा की मुलगी, हे पाहावे, आणि मूल समजुतीचे असेल तर त्याला काय वाटते तेही विचारात घेता येते, एवढी जागा त्यात ठेवलेली आहे. मी तुला हे तीनदा समजावले.

"म्हंजे पयला बाप," तू म्हणालीस.

"पहिला बाप. पण ते शेवटचे नाही."

"आनि पंचांच्यात?"

"तेथेही बाप."

"मंग फरक काय जाला? इथं माज्याकडं कागद हाय. तिथं काय हाय?"

"तेथे पुरावा देता येतो. साक्षी देता येतात. पोरीचे हित तुझ्यापाशी आहे, हे सिद्ध करता येते."

मग तू मला ते विचारलेस. वेणूबाई समोर तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवले. "मामा, कोर्टात तुमी कोनाचे साक्षीदार?"

मी काय केले ते तुला आठवत असेल. मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो की वकिलाला विचारून सांगतो.

तू पुन्हा कधीही विचारले नाहीस. ते तुझे मोठेपण होते, आणि मी त्याचा फायदा घेतला. मी मनाशी म्हणत राहिलो की ती विचारील तेव्हा सांगू. काशिनाथ माझा एकुलता मुलगा आहे. त्याला लहानपणी गोवर आला होता तेव्हा मी नऊ दिवस त्याच्या उशाशी बसलो होतो. त्या मुलाच्या विरुद्ध मला शपथेवर उभे राहायचे होते. मी तुला कायदा सांगत होतो आणि कायद्यापासून स्वतः पळत होतो.

श्रावणात तुला ताप येऊ लागला. दिवसाआड येई, थंडी वाजून येई, तू दोन गोधड्या घेऊन कुडकुडायचीस आणि उतरला की उठून कामाला लागायचीस. दवाखान्यात मी तुला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, बोलायला बरे होते. त्यांनी तुझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारले, "मूल अंगावर आहे का?"

"हाय," तू म्हणालीस.

"किती महिन्यांचे?"

तू माझ्याकडे पाहिलेस. मी म्हणालो, "पाचवे वर्ष चालू आहे."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, तुमच्या अंगात रक्त उरलेले नाही. मुलीला भात, भाकरी, मासळी, सगळे पचते. हे आजच्या आज बंद करा. औषध मी देतो, पण मी एका हाताने भरायचे आणि तुम्ही दुसऱ्या हाताने सांडायचे, असे किती दिवस चालेल?"

बाहेर येऊन तू पायरीवर बसलीस. मी तुझ्यासमोर उभा होतो. आता सांगायची वेळ होती. तोड, येसू, मी आहे, मी ओट्यावर उभा राहून सांगेन की ते वाक्य मी कपटाने लिहिले, आणि कोर्टात तुझ्या बाजूने साक्ष देईन, एवढे मला म्हणता आले असते. मी म्हणालो, "डॉक्टरांचे ऐकायला हवे."

"ऐकते," तू म्हणालीस. "ती मोटी होऊं दे जरा."

"किती मोठी?"

"बापाला 'न्हाय' म्हनता येईल इतकी."

श्रावणातल्या त्या तारखेपुढे मी आता माझे नाव लिहितो. खोडत नाही.

तू औषध घेतलेस आणि पोरीला पाजत राहिलीस. दूध उरले होते की नव्हते, देवास ठाऊक. मथीला नको असे, तरी दिवसातून एकदा दाराशी बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी, तू तिला जवळ घ्यायचीस. पितृपंधरवड्यात तुला उठवेना. नवरात्र बसले त्या दिवशी तू मला म्हणालीस, "मामा, मी मेली तर कागदाचा काय?" मी म्हणालो की असे बोलू नये. तुला उत्तर हवे होते आणि मी तुला धीर दिला. उत्तर मला माहीत होते. तू मेलीस तर कागद संपतो.

चौथ्या दिवशी सकाळी तू गेलीस. मथी अंगणात होती. वेणूबाईंचा आवाज ऐकून ती आत आली, तुझ्याजवळ गेली, आणि आजूबाजूला जमलेल्या बायकांकडे पाहून तुझ्या पदराखाली शिरली. तिला वाटले पुन्हा तपासणी आली आहे. तिला तेथून मी उचलले.

बाराव्या दिवशी काशिनाथ आला. त्याच्याविषयी मी खोटे लिहिणार नाही. तो रडला. त्याने तुझ्या आईच्या पायाला हात लावला. त्याने मथीसाठी मुंबईहून झगा आणला होता, गुलाबी, गळ्याला लेस लावलेला. वेणूबाईंनी तो उलगडला आणि मथीच्या अंगाला लावून पाहिला. दीड वर्षाच्या मुलीचा झगा होता. काशिनाथ त्या झग्याकडे आणि मुलीकडे पाहत राहिला. त्याच्या डोक्यात ती तेवढीच राहिली होती.

मी त्याला ओसरीवर घेऊन गेलो.

"बाबा, माजी पोर हाय," तो म्हणाला. "गोदीतले लोक इचारतात, तुजी पोर कुठं. काय सांगू? बायकोच्या आयशीकडं? ती बायको बी ऱ्हायली न्हाय."

"तुझ्या घरी तिला कोण पाहील?"

"हाय ना घरात बाई. तिला बी लेकरा हाईत, दोन. त्यांच्यात वाढंल."

"मथीला विचारलेस?"

"पाच वर्षांच्या पोरीला काय इचारायचा? तुमीच सांगा, कायदा काय म्हनतं? बाप कोन?"

मी त्याला कायदा सांगितला. बाप तू. तो म्हणाला, "मंग जाला." तो मला धमकावत नव्हता. तो मला माझेच बोलणे परत देत होता. अंगणात मथी कोठे दिसेना. आम्ही शोधली तेव्हा ती घरामागच्या कोंबड्यांच्या खुराड्याशी गुडघे पोटाशी धरून बसलेली सापडली. वहाणांचा आवाज आला की ती आता तेथे जाते. काल मी गेलो तर माझ्या वहाणांनाही भिऊन गेली. मी आता बांधाशीच वहाणा काढतो आणि अनवाणी येतो.

येसू, तुझ्या प्रश्नाचे उत्तर उशिरा देतो. कोर्टात मी तुझा साक्षीदार. वेणूबाईंच्या नावाने पालकत्वाचा अर्ज मी लिहिला आहे, सोमवारी ठाण्याला दाखल होईल. तो दोन पानांचा आहे, तू असतीस तर एकच राहिले असते. त्यात एक अडचण आहे आणि तिची मला सर्वांत जास्त भीती वाटते. बाप जिवंत असता दुसऱ्याला पालक नेमायचे तर बाप नालायक आहे, असे कोर्टाला पटवावे लागते. मी शपथेवर खोटे बोलणार नाही. काशिनाथ दारुडा नाही, मारकुटा नाही. तो वाईट बाप आहे असे मला म्हणता येत नाही, कारण तो अजून बापच झालेला नाही. जज्ज याला काय म्हणतील, मला ठाऊक नाही. बहुधा म्हणतील की झाला नसेल तर होऊ द्या. आणि ती शिकवणी माझ्या नातीवर होईल.

मुंबईच्या विधिमंडळात हिंदूंना घटस्फोट देणारा कायदा येणार, अशी बोलवा आहे. चांगले आहे, यावा. पण गावोगाव ओट्यांवर चालत आलेला हा जुना घटस्फोट कोणी पाहिला आहे का? त्याला स्टँप लागत नाही, वकील लागत नाही, आणि त्यात लेकराला स्वतःचे नाव नाही. तुझ्या कागदात मथीचे नाव नाही, येसू. मी आज पुन्हा काढून पाहिला. 'सदरहू अपत्य' असे मी लिहिले आहे. माझ्याच नातीला.

मी तुझे उपकार मानायला बसलो होतो आणि मला ते नीट जमलेले नाही. तुझ्यामुळे माझ्या पत्रांतले खोटे भारदस्तपण गेले. माझ्या घरात चार वर्षे कोणी हसले नव्हते, ते तू आलीस तेव्हा हसू लागले. मुलाने सोडल्यावरही तू मला मामा म्हणत राहिलीस. आणि मी तुझ्या हातात एक वाक्य दिले, ते तू जिवापेक्षा घट्ट धरलेस. मला क्षमा कर, असे मी म्हणत नाही. क्षमा करायला माणूस जागेवर लागतो.

आता पंचांना.

दामू पाटील, रविवारी ओट्यावर पाची पंच बसाल. हे पत्र वाचून झाल्यावर मी मथीला वेणूबाईंच्या कडेवरून उतरवीन आणि तुमच्यासमोर आणीन. बायकांनाही त्या दिवशी ओट्याजवळ बसू द्यावे, ही माझी पहिली मागणी. दुसरी मागणी अशी की, तिला काही ठरवून सांगायच्या आधी तुम्ही स्वतः, तुमच्या तोंडाने, तिला विचारावे की तुला कोठे राहायचे आहे. या जातीने आजवर एकाही लेकराला हे विचारलेले नाही. कदाचित ती बोलणार नाही, घाबरेल, माझ्या पायामागे लपेल. तरी थांबावे. काडी मोडायला वेळ लागत नाही म्हणून लेकराने बोलायलाही तेवढाच वेळ घ्यावा, असे नाही.

आणि ती जे म्हणेल त्याच्या विरुद्ध तुम्ही ठरवलेत, तर ते का ठरवलेत, याचे उत्तर मला नको. कागदावर नको, मागाहून निरोप्याबरोबर नको, बंदरावर मला ऐकू जाईल असे नको. सर्व जातीदेखत, त्याच वेळी, खाली वाकून, ते मथीला द्यावे.

तुझा मामा
राई, आश्विन वद्य पंचमी